इलेक्ट्रिक गिटारची ट्रेमोलो दांडी आणि पिकअपचे वायरिंग : घरच्या घरी सुधारणा करताना

सांगली-मिरज परिसरात तंतुवाद्यांची जाण असणाऱ्यांची कमतरता नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तरीही इलेक्ट्रिक गिटारची ट्रेमोलो दांडी (दाबून सगळ्या तारांचे स्वर एकदम हलवणारी) सैल झाली किंवा आवाजात घरघर येऊ लागली की ती पुण्या-मुंबईलाच पाठवावी लागते, असे नव्याने वाजवू लागलेल्या अनेकांना वाटते. यातली बरीचशी कामे घरच्या टेबलावर, साध्या हत्यारांनी आणि थोड्या सबुरीने नीट होतात. ती कोणत्या क्रमाने करावीत आणि कुठे हात आवरावा, हे या लेखात सांगितले आहे.

येथे गृहीत धरलेली गिटार तीन सिंगल कॉइल (एका गुंडाळीच्या) पिकअपची, म्हणजे तारांची थरथर विजेच्या संकेतात बदलणाऱ्या भागांची, आणि मागे स्प्रिंग असलेल्या ट्रेमोलोची आहे. फेंडर कंपनीने १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर बाजारात आणली तेव्हापासून ही रचना रूढ झाली आणि आज स्वस्तातली बहुतेक पहिली गिटार याच घडणीची असते. तारा दोन्ही टोकांना आवळून धरणारा फ्लॉइड रोझ पद्धतीचा ब्रिज (तारा खालच्या टोकाला जिथे अडकतात तो धातूचा भाग) वेगळ्या रीतीने चालतो, त्यामुळे तो इथे घेतलेला नाही.

दोन्ही कामे एकाच दिवशी करू नयेत. आधी ट्रेमोलो लावून घ्यावा, तो काही दिवस वाजवून पाहावा आणि मगच वायरिंगला हात घालावा. वायरिंगसाठी तारा उतरवल्या तरी त्याच जाडीच्या तारा परत चढवल्यावर ब्रिज पहिल्या जागी येतो, त्यामुळे आधीची मेहनत वाया जात नाही. उलट सगळे एकदम उघडले आणि शेवटी काही बिघडले, तर ते नेमके कोणत्या बदलामुळे बिघडले हे शोधत बसावे लागते.

हत्यारे आणि सामान

फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर दोन मापांचे, ब्रिजच्या खोगिरांसाठी (प्रत्येक तार ज्यावर टेकते त्या छोट्या भागांसाठी) बारीक ॲलन की, छोटी पक्कड, डिजिटल मल्टिमीटर, स्टीलची पट्टी आणि ट्यूनर एवढे पहिल्या कामाला पुरते. वायरिंगसाठी पंचवीस वॅटचे सोल्डरिंग आयर्न, शिवाय जाड धातूसाठी साठ वॅटचे एक, ६०/४० ची सोल्डर वायर आणि जुने सोल्डर ओढून घेणारा पंप लागतो. कपॅसिटर, रेझिस्टर आणि सोल्डर टीव्ही-रेडिओच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतात. पॉट, म्हणजे व्हॉल्यूम आणि टोनच्या बटणांखालचा फिरवता येणारा रोध, मात्र तिथून घेताना सावध राहावे. सिंगल कॉइल पिकअपला २५० किलोओहमचा पॉट लागतो आणि रेडिओत चालणारा १० किंवा ४७ किलोओहमचा पॉट बसवला, तर गिटारचा वरचा उजळ स्वर साफ मारला जातो. शिवाय पॉटच्या मानेची जाडी आणि वरच्या बटणाचे दाते वेगवेगळे असतात. अमेरिकी मापाच्या पॉटची मान साधारण साडेनऊ मिलिमीटरची, तर स्वस्त गिटारच्या पिकगार्डचे (पिकअप आणि बटणे बसवलेल्या पुढच्या प्लास्टिकच्या पत्र्याचे) भोक त्याहून लहान असते. म्हणून जुना पॉट चालू अवस्थेत असेल तर तो बदलण्याच्या फंदात पडू नये.

दांडी

दांडी खटखटत असेल तर प्रथम तिचे आटे पाहावेत. अमेरिकी बनावटीच्या दांडीचा आटा सहसा पावणेपाच मिलिमीटरच्या आसपासचा, इंचाच्या मापाचा असतो, तर आशियात बनलेल्या गिटारींत पाच किंवा सहा मिलिमीटरचा मेट्रिक आटा आढळतो. बदली दांडी आणताना व्हर्नियरने माप घ्यावे आणि नवी दांडी दोन बोटांनी सहज पिळली जाते की नाही हे पाहावे. ती अडली तर जोर लावू नये, कारण ब्रिजखालचा ठोकळा बहुधा मऊ मिश्रधातूचा असतो आणि त्याचे आटे एकदा गेले की सगळा ठोकळाच बदलावा लागतो.

आटे जुळत असूनही दांडी हलत असेल, तर नळजोडणीला वापरतात ती पांढरी टेफ्लॉन टेप आट्यांवर, पिळण्याच्या दिशेने, एक-दोन वेढे गुंडाळावी. दुसरा उपाय म्हणजे भोकाच्या तळाशी लहानशी स्प्रिंग टाकणे. बॉलपेनच्या स्प्रिंगचा चार-पाच वेढ्यांचा तुकडा या कामाला चालतो. ती स्प्रिंग दांडीला खालून रेटते, त्यामुळे दांडी सोडली त्या जागी थांबते. दांडी हाताला लांब वाटत असेल तर टोकाचे प्लास्टिकचे बोंड काढून ती बारीक पात्याच्या करवतीने कापावी, कड कानशीने गोल करावी आणि बोंड परत बसवावे. गॅसवर तापवून दांडी वाकवण्याचा सल्ला काही जण देतात, तो मानू नये. त्याने क्रोमचा मुलामा सुटतो आणि पावसाळ्यात तिथेच गंज धरतो.

ब्रिज आणि स्प्रिंगा

गिटार उलटी करून मागचे प्लास्टिकचे झाकण उघडले की तीन ते पाच स्प्रिंगा आणि त्यांना धरणारी पत्र्याची पकड दिसते. ती पकड दोन लांब स्क्रूंनी लाकडात बसवलेली असते आणि तिला एक काळी किंवा पांढरी वायर जोडलेली असते. या वायरीला धक्का लागू देऊ नये. तिचे काम पुढे वायरिंगच्या भागात येईल.

आधी तत्त्व समजून घ्यावे. ब्रिजच्या एका बाजूला तारा ओढतात आणि दुसऱ्या बाजूला स्प्रिंगा. ०.००९ इंचापासून सुरू होणाऱ्या तारांच्या संचाचा प्रमाण सुरांतला एकूण ताण साधारण ३८ किलो असतो, तर ०.०१० च्या संचाचा ४६ किलोच्या आसपास जातो. म्हणजे केवळ तारांची जाडी बदलली तरी सात-आठ किलोंचा फरक पडतो आणि ब्रिज मागून वर उचलला जातो. नव्या तारा चढवल्यावर गिटार सुरातच येत नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या गिटारचे दुखणे बहुतेक वेळा हेच असते.

नवख्याने ब्रिज लाकडाला टेकवून ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तरंगता ब्रिज, म्हणजे मागची कड सुमारे तीन मिलिमीटर वर ठेवलेला ब्रिज, स्वर वर आणि खाली दोन्हीकडे नेऊ देतो. पण एक तार तुटली की उरलेल्या पाचही तारांचे सूर चढतात आणि कार्यक्रम तिथेच अडतो. टेकवलेल्या ब्रिजवर स्वर फक्त खाली नेता येतो, परंतु तार तुटली तरी बाकीच्या तारा जागेवर राहतात. गणेशोत्सवाच्या मंडपात किंवा लग्नाच्या ऑर्केस्ट्रात दुसरी गिटार हाताशी नसणाऱ्याला हा गुण फार उपयोगी पडतो.

ब्रिज पुढून सहा स्क्रूंवर डोलणारा असेल तर पहिल्यांदा तारा पूर्ण सैल कराव्यात. सहाही स्क्रू त्यांची डोकी ब्रिजच्या पत्र्याला जेमतेम टेकतील इतके आवळावेत, आणि मग मधले चार स्क्रू सुमारे दीड मिलिमीटर सैल करावेत. कडेचे दोन स्क्रू भार घेतात, मधल्या चारांवर पत्रा घासत नाही आणि ब्रिज मोकळा डोलतो. सहाही स्क्रू कचकचून आवळलेले असणे हा कारखान्यातून आलेल्या स्वस्त गिटारींचा नेहमीचा दोष आहे. ब्रिज दोन खुंटांवर टेकलेला असेल तर तारा ताणलेल्या असताना ते खुंट फिरवू नयेत. तसे केल्यास ब्रिजची धारदार कड बोथट होते आणि मग ब्रिज नेमक्या जागी परत येत नाही.

आता तारा सुरात आणाव्यात. ब्रिजची मागची कड उचललेली दिसली तर पकडीचे दोन्ही स्क्रू आलटून पालटून पाव-पाव फेरा आवळावेत आणि प्रत्येक पाव फेऱ्यानंतर सहाही तारा पुन्हा सुरात घ्याव्यात. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याला आडवाट नाही, कारण स्प्रिंग आवळली की तारा चढतात आणि तारा उतरवल्या की ब्रिज पुन्हा खाली बसतो. ब्रिज लाकडाला टेकला की आणखी अर्धा ते एक फेरा द्यावा. स्क्रू संपत आले तरी ब्रिज बसत नसेल तर आणखी एक स्प्रिंग जोडावी. पक्कड वापरताना स्प्रिंग निसटून डोळ्याला लागू शकते, म्हणून चष्मा घालावा.

दांडी वापरल्यावर सूर हलतात तेव्हा लोक आधी स्प्रिंगांवर संशय घेतात, पण दोष बहुधा नटमध्ये असतो. मानेच्या वरच्या टोकाला, खुंट्यांच्या अलीकडे, तारा ज्या पट्टीच्या खाचांतून जातात ती पट्टी म्हणजे नट. एक परीक्षा करून पाहावी. दांडी खाली दाबून सोडल्यावर एखादी तार चढलेली निघाली आणि तीच तार बोटाने ओढून सोडल्यावर उतरलेली निघाली, तर ती खाचेत अडकते आहे हे नक्की समजावे. दांडी दाबताना तार सैल होऊन खुंटीकडे सरकते आणि घर्षणामुळे परत येत नाही, म्हणून सूर चढतो. बोट ओढताना नेमके उलटे घडते. सूर लावताना नटपाशी ‘टिंग’ असा बारीक आवाज येत असेल तर तेही याचेच लक्षण आहे. तार बाजूला करून खाचेत मऊ शिसपेन्सिलीचे टोक फिरवावे. तेवढ्याने भागले नाही तर खाच रुंद करावी लागते, आणि ती नवख्याने स्वतः कोरू नये, कारण केसभर जास्त खोल गेली तरी मोकळी तार पहिल्या फ्रेटवर झणझणते. मिरजेतल्या एखाद्या तंतुवाद्य कारागिराला विचारून पाहावे. हाडाच्या घोडीवर कानस चालवून जवारी काढणाऱ्या हाताला अशी खाच नवी नाही. मात्र सोबत आपल्या तारांचा संच न्यावा, म्हणजे खाच त्या जाडीला बेतता येईल.

शेवटी बाराव्या फ्रेटवर तार दाबून येणारा स्वर आणि तिथेच हलक्या स्पर्शाने येणारा स्वर ट्यूनरवर ताडून पाहावा. दाबलेला स्वर चढा असेल तर त्या तारेचे खोगीर मागे, आणि उतरता असेल तर पुढे सरकवावे.

वायरिंग उघडण्यापूर्वी

गिटारच्या तारा ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात, हे प्रत्येक नवख्याने आधी समजून घ्यावे. म्हणजे वाजवणाऱ्याचा हात सतत त्या अर्थिंगवर असतो. जुन्या वाड्यांतल्या खोल्यांत अजूनही दोन पिनांचे सॉकेट आढळतात आणि तिथे ॲम्प्लिफायर चालवण्यासाठी प्लगची तिसरी, जाड पिन तोडून टाकण्याची सवय काहींना असते. ती पिन कधीही तोडू नये. घरातल्या सॉकेटला अर्थिंग आहे की नाही ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे आणि शक्य असेल तर ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच बसवावा. गिटारच्या आतल्या वायरिंगमध्ये स्वतःची धोकादायक वीज नसते, त्यामुळे तिच्यावर घरी काम करता येते. ॲम्प्लिफायर मात्र घरी उघडू नये, कारण त्यातले मोठे कपॅसिटर प्लग काढल्यावरही विजेने भरलेले राहू शकतात.

गिटार न उघडताच पिकअपची तब्येत पाहता येते. केबल गिटारला जोडावी, दुसरे टोक मोकळे ठेवावे, व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण करावेत आणि मल्टिमीटर २० किलोओहमवर लावून प्लगच्या टोकाला व दांड्याला स्पर्श करावा. पिकअप निवडण्याच्या पाच स्थितींच्या स्विचच्या दोन्ही कडेच्या व मधल्या स्थितीत सुमारे साडेपाच ते साडेसहा किलोओहम दिसतात आणि उरलेल्या दोन स्थितींत त्याच्या जवळजवळ निम्मे, कारण तिथे दोन पिकअप समांतर जोडलेले असतात. हे पाचही आकडे कागदावर टिपून ठेवावेत. एखाद्या स्थितीत मीटर काहीच दाखवत नसेल तर तिथली वायर तुटलेली, स्विचचा संपर्क खराब झालेला किंवा पिकअपची गुंडाळी गेलेली असते, आणि हे काम सुरू करण्याआधीच कळलेले बरे.

मग तारा उतरवून पिकगार्डचे स्क्रू काढावेत आणि ते पुस्तकाच्या पानासारखे एका कडेवर उलटावे. जॅककडे (केबल जिथे खुपसतात त्या सॉकेटकडे) आणि स्प्रिंगांच्या पकडीकडे जाणाऱ्या वायरी आखूड असतात, त्यांना हिसका देऊ नये. काहीही सोडवण्यापूर्वी वरून आणि बाजूने भरपूर फोटो काढावेत.

सोल्डरचा एक सांधा

नवे सोल्डरिंग आधी टाकाऊ वायरीच्या तुकड्यांवर करून पाहावे. वायरीचे साल चार मिलिमीटर सोलावे, तंतू पिळावेत आणि त्यांना आधी सोल्डरचा पातळ थर द्यावा. मग वायर पत्रीच्या (पॉट किंवा स्विचला वायर जोडण्याच्या धातूच्या टोकाच्या) भोकात अडकवून आयर्नचे टोक पत्री आणि वायर या दोघांना एकाच वेळी टेकवावे, दोन-तीन सेकंद थांबावे आणि सोल्डर आयर्नवर न लावता सांध्यावर लावावे. सांधा पुरेसा तापला असेल तर सोल्डर क्षणात पाण्यासारखे पसरते आणि वायरीचे तंतू त्याखाली पुसटसे दिसत राहतात. आयर्न दूर केल्यावर सांधा हलू देऊ नये. थंड झाल्यावर तो गुळगुळीत आणि चकचकीत दिसला पाहिजे. मातकट, खडबडीत किंवा थेंबासारखा गोल दिसला तर तो पुन्हा तापवावा. ६०/४० सोल्डरमध्ये शिसे असते, म्हणून खिडकी उघडी ठेवावी, धूर तोंडावर घेऊ नये आणि काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत.

पॉटच्या पाठीवर सोल्डर धरत नाही, कारण धातू जाड असतो आणि त्यावर मुलामा असतो. ती जागा सँडपेपरने घासावी, साठ वॅटचे आयर्न वापरावे आणि पाच सेकंदांत काम उरकावे. जास्त वेळ तापवल्यास पॉटमधला कार्बनचा पट्टा खराब होतो.

करण्याजोगे बदल

नवे पिकअप विकत घेण्याआधी पुढचे दोन बदल करून पाहावेत. दोन्हींचा खर्च अगदी किरकोळ आहे आणि आवाजातला फरक ऐकू येण्याजोगा आहे.

पहिला बदल ब्रिजजवळच्या पिकअपला टोन मिळवून देण्याचा. मूळ स्ट्रॅटोकास्टरच्या जोडणीत एक टोन मानेकडच्या पिकअपला आणि दुसरा मधल्याला असतो. ब्रिजचा पिकअप, जो सर्वांत तीक्ष्ण वाजतो, तोच टोनशिवाय राहतो. निवड स्विचला दोन बाजूंना चार-चार पत्र्या असतात. एका बाजूला तीन पिकअपच्या वायरी येतात आणि दुसऱ्या बाजूला टोनच्या. टोनच्या बाजूची जी पत्री ब्रिजच्या स्थितीत जोडली जाते ती रिकामी असते. तिथून शेजारच्या मधल्या टोनच्या पत्रीपर्यंत दोन-तीन सेंटिमीटरची वायर जोडली की दुसरा टोन दोन्ही पिकअपवर चालू लागतो. काही स्वस्त गिटारींत सगळ्या पत्र्या एकाच ओळीत असतात आणि त्यांचा क्रमही निराळा असतो. तिथे मल्टिमीटर बझरवर लावून, स्विच एकेका स्थितीत ठेवून, कोणती पत्री कोणाशी जोडली जाते ते आधी काढावे.

दुसरा बदल व्हॉल्यूम कमी केल्यावर आवाज मंद आणि गढूळ होतो त्यावरचा आहे. व्हॉल्यूम उतरवताना पॉटचा रोध आणि केबलची धारिता मिळून वरचे स्वर गाळले जातात. त्यावर उपाय म्हणून ०.००१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १५० किलोओहमचा रेझिस्टर एकमेकांना समांतर जोडून ही जोडी व्हॉल्यूम पॉटच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या, म्हणजे मधल्या, पत्रीच्या दरम्यान लावावी. दुकानात कपॅसिटरवर १०२ हा आकडा आणि रेझिस्टरवर तपकिरी, हिरवा, पिवळा असे पट्टे पाहावेत. या दोन्ही भागांच्या उघड्या पायांवर इन्सुलेशनची नळी चढवावी, म्हणजे ते पॉटच्या पाठीला टेकणार नाहीत.

टोनचा कपॅसिटरही बदलता येतो. ४७३ खुणेचा, म्हणजे ०.०४७ मायक्रोफॅरडचा, आवाज अधिक गडद करतो आणि २२३ खुणेचा त्याहून कमी. टोन पूर्ण उघडा ठेवून वाजवणाऱ्याला यातला फरक फारसा जाणवत नाही, म्हणून यावर वेळ घालवणे मला आवश्यक वाटत नाही.

घरघर आणि अर्थिंग

सिंगल कॉइल पिकअप आजूबाजूच्या विजेची घरघर पकडतोच. याच कारणासाठी गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये दोन उलट गुंडाळ्यांचा हंबकर तयार केला. अनेक गिटारींत मधला पिकअप उलट गुंडाळलेला असतो, म्हणून मधल्याबरोबरच्या दोन जोडस्थितींत घरघर जवळजवळ नाहीशी होते. बाकीच्या स्थितींसाठी पोकळीला आतून तांब्याची चिकटपट्टी लावावी, तिच्या जोडांवर सोल्डरचे ठिपके द्यावेत आणि ती एका वायरीने पॉटच्या पाठीला जोडावी. पिकगार्ड बंद करताना स्विचच्या पत्र्या किंवा जॅकचे टोक त्या पट्टीला टेकले तर गिटार पूर्ण मुकी होते, म्हणून त्या जागी आधीच इन्सुलेशन टेप लावावी.

पकडीची वायर तुटली असेल तर पत्रा घासून तो साठ वॅटच्या आयर्नने तापवावा. तो सगळी उष्णता पिऊन टाकतो आणि लहान आयर्नने लावलेला डाग काही दिवसांत सुटतो. वायर जोडल्यावर मल्टिमीटरचे एक टोक तारेला आणि दुसरे जॅकच्या बाहेरच्या भागाला लावावे. बझर वाजला पाहिजे.

ॲम्प्लिफायर जोडून ऐकताना तीन गोष्टी पाहाव्यात. तारांना हात लावल्यावर घरघर कमी होत असेल तर जोडणी बरोबर आहे. काहीच फरक पडत नसेल तर पकडीची वायर पुन्हा पाहावी. हात लावल्यावर घरघर वाढत असेल तर जॅकवरच्या दोन वायरी उलट लागल्या आहेत. जोडस्थितींत आवाज पातळ आणि पोकळ येत असेल तर एका पिकअपच्या दोन वायरींची अदलाबदल करावी, पण त्या पिकअपचे धातूचे कवच अर्थिंगला जोडलेले नाही याची आधी खात्री करून घ्यावी.

पिकअपची उंची सर्वांत शेवटी लावावी. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून जाड तारेखाली सुमारे २.४ आणि बारीक तारेखाली २ मिलिमीटर अंतर ठेवावे. पिकअप याहून जवळ आणले तर चुंबक तारांना ओढतो आणि वरच्या फ्रेटवर सूर लटपटतो. ही उंची ठरली की आधी टिपलेले पाच आकडे पुन्हा मोजून जुन्या आकड्यांशी ताडावेत आणि तो कागद, काढलेल्या जुन्या भागांसह, गिटारच्या पिशवीच्या कप्प्यात ठेवावा.